रामटेकचा 'ट' आणि स्मॉल लिपी

कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला एक साधा पत्ता घ्या: 'मुक्काम पोस्ट रामटेक, जिल्हा नागपूर'. वर्डमध्ये तो निवडायचा आणि सगळी अक्षरे स्मॉल करण्याची आज्ञा द्यायची. क्षणात पडद्यावर दिसते ते असे: 'मुककाम पोसअ रामअेक, जिलहा नागपूर'. पाचपैकी चार शब्द मोडले, एकटे नागपूर शाबूत राहिले. संगणकात काहीही बिघडलेले नाही. त्याने सांगितले तेवढेच केले आहे.

या मोडतोडीचे कारण फॉन्टच्या पोटात आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असायचा, फक्त दिसायला देवनागरी. कृतिदेवमध्ये 'रामटेक' लिहिताना ओळीने जे, के, ई, कॅपिटल व्ही, एस आणि डी या अक्षरांच्या कळा दाबाव्या लागतात. कॅपिटल व्ही म्हणजे 'ट', तर स्मॉल व्ही म्हणजे 'अ'. स्मॉल डी म्हणजे पूर्ण 'क', कॅपिटल डी म्हणजे अर्धा 'क्'. त्यामुळे सगळे स्मॉल करताच 'ट'चा 'अ' होतो आणि जोडाक्षरे सुटी होतात. नागपूरची आतली सहाही इंग्रजी अक्षरे मुळातच स्मॉल कळांवर असल्याने त्याला धक्का लागत नाही.

मराठी माणसाला ही अडचण चटकन लक्षात येत नाही, कारण देवनागरीत मोठे-लहान अक्षर हा प्रकारच नाही. 'क' वाक्याच्या सुरुवातीला असो की मध्ये, तो 'क'च असतो. शाळेत इंग्रजीची पहिली लिपी, दुसरी लिपी गिरवताना हा भेद पहिल्यांदा भेटतो. युरोपातही तो सुरुवातीपासून नव्हता. रोमन शिलालेखांत फक्त मोठी अक्षरे आहेत. आजच्या स्मॉल अक्षरांचे नेटके रूप आठव्या-नवव्या शतकात, शार्लमेन सम्राटाच्या काळात रुळले.

संगणकाच्या लेखी मात्र कॅपिटल 'ए' आणि स्मॉल 'ए' ही दोन सर्वस्वी वेगळी चिन्हे आहेत. अॅस्की या संकेतप्रणालीत पहिल्याचा क्रमांक ६५, दुसऱ्याचा ९७. 'ए'पासून 'झेड'पर्यंत प्रत्येक जोडीत हेच ३२ चे अंतर आहे. १९६३ च्या पहिल्या अॅस्कीत स्मॉल अक्षरे नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. मजकूर स्मॉल करणे म्हणजे प्रत्येक कॅपिटल अक्षराच्या क्रमांकात ३२ मिळवणे.

एवढ्या साध्या बेरजेचा उपयोग फार मोठा आहे. एखाद्या यादीत गावाचे नाव कोणी सगळे कॅपिटलमध्ये भरतो, कोणी फक्त पहिले अक्षर कॅपिटल ठेवतो, कोणी सगळेच स्मॉल लिहितो. अक्षर न् अक्षर ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती तीन वेगवेगळी गावे वाटतात. रामटेकचे अर्जदार मोजायला बसावे तर तीन निरनिराळे आकडे हाती येतात. तुलना करण्यापूर्वी सगळी नावे स्मॉल केली की तिन्ही एका जागी येतात. शोध घेणे, दुबार नोंदी पकडणे, क्रम लावणे या कामांत हीच पहिली पायरी असते. क्रम लावतानाची गंमत अशी की अॅस्कीच्या क्रमाने कॅपिटल 'झेड' हा स्मॉल 'ए'च्या आधी येतो. त्यामुळे न सांभाळलेली यादी उलटीसुलटी लागते.

संकेतस्थळाच्या नावातही हा भेद धरला जात नाही. ते कसेही टाइप केले तरी एकाच ठिकाणी पोहोचते. पण नावापुढच्या तिरप्या रेषेनंतर जे येते, तिथे हा नियम गृहीत धरता येत नाही. यूट्यूबवरच्या प्रत्येक चित्रफितीची ११ चिन्हांची ओळख असते आणि तीत एक अक्षर कॅपिटलचे स्मॉल झाले तरी ती चित्रफीत सापडत नाही. ईमेलचा पत्ता व्यवहारात कसाही चालतो, पासवर्ड मात्र जसाच्या तसा लागतो.

सरकारी कागदांत तर दोन्ही तऱ्हा आढळतात. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष लागते. विवरणपत्र भरल्यावर आयकर विभागाकडून येणारी सूचना उघडायला पॅन क्रमांक स्मॉलमध्ये आणि पुढे जन्मतारीख. पॅन कार्डावर तोच क्रमांक कॅपिटलमध्ये छापलेला असतो. अनेकांची फाइल 'उघडत नाही' ती एवढ्यासाठीच.

रामटेकशी या विषयाचे आणखी एक नाते आहे. डोंगरावर राममंदिर, पायथ्यापासून जवळच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, आणि 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचे प्रतिपादन. १९९७ मध्ये इथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. आज संस्कृतचा अभ्यासक ग्रंथाइतकाच संगणकावरही अवलंबून असतो आणि त्याला संस्कृत मजकूर अनेकदा रोमन अक्षरांत भेटतो. त्यासाठीची हार्वर्ड-क्योटो ही पद्धत बरीच रुळलेली आहे. तीत कॅपिटल 'ए' म्हणजे 'आ', स्मॉल 'ए' म्हणजे 'अ', कॅपिटल 'टी' म्हणजे 'ट' आणि स्मॉल 'टी' म्हणजे 'त'.

असा मजकूर सरसकट स्मॉल केला तर 'वाकाटक'चे 'वकतक' होते आणि 'रामटेक'चे 'रमतेक'. हे निदान चुकले म्हणून ओळखू तरी येते. खरा धोका आहे तो अर्थ असलेल्या दुसऱ्या शब्दाचा. 'सूत' म्हणजे सारथी, 'सुत' म्हणजे मुलगा. 'दीन' म्हणजे गरीब, 'दिन' म्हणजे दिवस. दोन्ही जोड्यांतला फरक एका कॅपिटल अक्षरावर तोललेला आहे. तो गेला की वाचणाऱ्याला काही बिघडल्याची शंकाही येत नाही. अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे देऊन संस्कृत लिहिण्याची जी पद्धत १८९४ च्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेपासून रूढ होत गेली, तिला हे भय नाही, कारण तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भार कॅपिटल अक्षरावर टाकलेला नाही.

अशी अडचण फक्त भारतातच येते असे नाही. तुर्की भाषेत टिंब असलेला आणि नसलेला असे दोन वेगळे 'आय' आहेत. इंग्रजीच्या नियमाने कॅपिटल 'आय' स्मॉल केला तर त्यावर टिंब येते, तुर्कीच्या नियमाने येत नाही. त्यामुळे इंग्रजी गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम तुर्की संगणकांवर अडखळले आहेत. म्हणून आजच्या प्रोग्रॅमिंगमध्ये स्मॉल करताना भाषा कोणती, हेही सांगण्याची सोय असते.

युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीला यातले काहीच बाधत नाही. तिथे 'ट'ला स्वतःचा क्रमांक आहे, त्याला स्मॉल रूप नाही, म्हणून आज्ञा दिली तरी तो जागचा हलत नाही. जुन्या फॉन्टमधल्या फाइली, पत्रिका, अहवाल, स्मरणिका अजून ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आधी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि मगच त्यावर काही काम करावे.

बाकी हत्यार सोपे आहे. वर्डमध्ये मजकूर निवडून शिफ्टसह एफ-३ दाबत राहिले की कॅपिटल-स्मॉल रूपे आलटून पालटून येतात, एक्सेलमध्ये 'लोअर' हे सूत्र आहे. मात्र एकदा स्मॉल करून फाइल बंद केली की मूळ कॅपिटल कुठे होती, हे संगणकाला पुन्हा सांगता येत नाही. म्हणून यादी असो वा ग्रंथ, मूळ प्रत तशीच राखावी, शेजारी दुसरी प्रत करावी आणि स्मॉल करायचे ते तिच्यात करावे.