पिस्टन साक्षीदार असतो

१९८३ ते १९८९ या काळात एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्यावर राजदूत ३५० ही मोटरसायकल भारतात बनवली. कागदोपत्री ती राजदूत. रस्त्यावर तिचं नाव आरडी, आणि आजही तेच. ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि हाय टॉर्क मॉडेलची ३०.५ अश्वशक्ती. त्या काळी बुलेट ३५० ची ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास होती, म्हणजे हा फरक किती मोठा होता ते लक्षात येईल. यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता पस्तिशी ओलांडून गेली आहे. पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत अशा गाड्या पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा घराच्या पडवीत खोललेल्या दिसतात. हौसेखातर किंवा पैसे वाचवायला लोक त्या घरी खोलतात, असं बघणाऱ्याला वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा जुन्या, वेगवान यंत्राची नीट दुरुस्ती घरीच होऊ शकते, कारण तिला लागणारी मुख्य वस्तू वेळ आहे, आणि चालत्या गॅरेजला तेवढा वेळ विकणं परवडत नाही. इथे बिघाड एका जागी दिसतो आणि त्याचं कारण दुसऱ्याच जागी असतं. ते शोधायला मोजमाप लागतं, आणि मोजमाप घाईत होत नाही.

पिस्टनपासून सुरुवात करू. आरडीच्या सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर. त्यात पिस्टन फिरतो तो साधारण ०.०४ मिलिमीटरच्या फटीत, म्हणजे डोक्याच्या केसाहून कमी जागेत. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरच्या आतली स्लीव्ह बिडाची. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की ही फट संपते, पिस्टन स्लीव्हला धरतो, मागचं चाक लॉक होतं आणि गाडी सीझ झाली म्हणतात. मग सरधोपट इलाज ठरलेला असतो: हेड उघडायचं, बोअरिंग करून घ्यायचं, ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा, इंजिन बांधायचं. हा इलाज चुकीचा नाही, अपुरा आहे. निघालेला पिस्टन भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून बघितला तर तो बरंच काही सांगतो. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन्ही अंगांना चार जागी ओरखडे असतील तर बहुधा थंड इंजिनावर एकदम जोर दिला गेला असतो, किंवा बोअरिंगच घट्ट झालेलं असतं. नुसत्या एक्झॉस्टच्या अंगाला घासलं असेल तर तेल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, असा संशय घ्यायचा. माथ्याला भोक पडलं असेल तर ठिणगीचं टायमिंग आणि कार्बोरेटरचं जेट दोन्ही तपासायची. पिस्टन हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष न घेता नवा पिस्टन बसवला तर मूळ कारण आत तसंच राहतं आणि काही महिन्यांनी नव्या पिस्टनचं तेच होतं. शिवाय ही चूक पुन्हा पुन्हा करायची सोय नाही. ओव्हरसाइझ पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतो: ६४.२५, ६४.५०, ६४.७५, ६५. स्लीव्हमध्ये एवढे चारच जन्म. प्रत्येक न शोधलेलं कारण त्यातला एक जन्म खातं.

आता कारण दुसरीकडे कसं असतं, ते बघू. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा पंपच असतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी तिथे शिरतं, मग वर जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या रबरी ऑइल सीलवर सगळं अवलंबून असतं. उजव्या टोकाला क्लच. तिथलं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल आत खेचलं जातं, उजवा सायलेन्सर पांढरा धूर ओकतो, तेलाची पातळी उतरते. गल्लीतल्या पोरालाही कळतं की काहीतरी बिघडलं आहे. डाव्या टोकाला मात्र ठिणगी पाडणारे पॉइंट आणि अल्टरनेटर, कोरडी जागा. तिथलं सील गेलं तर आत येते ती हवा. मिश्रण पातळ होतं, तापमान वाढतं, आणि धूर उलट कमी होतो. गाडी काही दिवस अधिक चपळ वाटते, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम जरा रेंगाळून उतरतात, एवढीच काय ती खूण. आणि मग एक दिवस डावा पिस्टन धरतो. दोन्ही सील एकाच कामाची, एकाच वयाची, पण एक ओरडून सांगतं आणि दुसरं गप्प राहून घात करतं.

या गप्प सीलला बोलतं करण्याची एक रीत आहे. दोन्ही सायलेन्सर आणि दोन्ही कार्बोरेटर काढायचे. एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, इनटेकच्या एका तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लिपने आवळून बांधायचा, आणि दुसऱ्यातून रबरी नळी आत घ्यायची. दोन सिलिंडरांच्या मधल्या सीलला रबर नसतं, नुसत्या खाचा असतात, त्यामुळे एकेक बाजू वेगळी तपासता येत नाही. दोन्ही एकदमच बंद कराव्या लागतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि तबकडी. हे यंत्र या कामाला जणू मापाचं मिळालं आहे: त्याचा ३०० चा आकडा म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आणि या चाचणीला दाब तेवढाच लागतो. फुगा दाबत काटा ३०० च्या जवळ न्यायचा आणि घड्याळ बघत बसायचं. इंजिन बंद, भोवती शांतता, आणि काटा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर हवा कुठून तरी पळते आहे. मग ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन सिलिंडरच्या बुडाशी, इनटेकच्या रबराशी, क्रँककेसच्या सांध्यावर फिरायचं. अल्टरनेटर काढलेला असेल तर डाव्या सीलच्या ओठाशी बारीक फेस चढताना दिसतो. या चाचणीचा खर्च नगण्य, पण जोडणी आणि शोध मिळून अर्धा दिवस सहज जातो. गॅरेजवाला अर्धा दिवस एका गाडीपुढे काट्याकडे बघत बसला तर त्याची बाकीच्या चार गाड्यांची मजुरी बुडते. त्याचा यात काही दोष नाही. त्याचं पोट बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर चालतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या मेस्त्रींच्या कानाचा. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे मेस्त्री होते, अजूनही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातल्या अनेकांनी या गाड्या नव्या असताना हाताळल्या आहेत. त्यातून आलेली त्यांची माहिती कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. पण कान झीज ऐकतो, फट ऐकत नाही. बिग एंड बेअरिंग वाजायला लागलं की कान ते अचूक पकडतो, कारण तोवर ते झिजलेलं असतं. पातळ मिश्रणाला आवाज नसतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात तर एक कमजोर पडलं तरी दुसरं त्याला ओढून नेतं, आणि बेरजेचा आवाज ठीकठाकच येतो. चांगला मेस्त्री हे जाणतो, म्हणून त्याच्याकडेही फीलर गेज आणि डायल गेज असतो. कान आणि गेज यांत भांडण लावायचं कारण नाही. कुठल्या क्रमाने कुणाचं ऐकायचं, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरी खोलणारे लोक गाड्या बिघडवतात. खरं आहे. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे जास्त जोराने आवळून घालवलेले, अल्टरनेटर पुलरशिवाय ठोकून काढलेला, गॅसकेटच्या जागी सिलिकॉन भरभरून लावलेलं आणि त्याचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेत अडकलेला, असं सगळं होतं. म्हणून घरच्या कामाला हद्द हवी. बोअरिंग आणि हॉनिंग घरी होत नाही. क्रँक तर नाहीच नाही: तो तुकड्यातुकड्यांनी प्रेसवर दाबून जुळवलेला असतो आणि सरळ करताना मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजावं लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या लेथवर हात बसलेली माणसं आहेत; ते काम त्यांचंच. मालकाचं काम हे की पिस्टन आधी विकत घ्यायचा, तो मोजायचा, आणि सिलिंडरसोबत तो आणि फटीचा आकडा लिहून लेथवाल्याच्या हातात द्यायचा. ‘बोअर करून ठेवा’ असं सांगून निघून जाणारा गिऱ्हाईक आणि आकडा घेऊन येणारा गिऱ्हाईक, दोघांना मिळणारं काम एकसारखं नसतं. आणि ब्रेकच्या बाबतीत शिकाऊपणा चालणार नाही. भारतीय आरडीला पुढे डिस्क नव्हती, ड्रम होता. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

तिसरं म्हणणं असं की हे सगळं मोजत बसण्यापेक्षा जुनं काढून नवं बसवावं: पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्येच तेल. पहिल्या भागाशी मी सहमत आहे. आरडीला दोन सिलिंडरांचे दोन वेगळे पॉइंट. त्यांची टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, आणि दोन्ही सारखे झिजत नाहीत. ते काढल्याने गाडीचं इमान कमी होतं असं मला वाटत नाही. ऑइल पंपाबद्दल मात्र थांबावं. हा पंप इंजिनाच्या वेगाशीही बांधलेला असतो आणि थ्रॉटलशीही. पेट्रोलात मिसळलेलं तेल मात्र पेट्रोल येईल तेवढंच येतं. खंडाळ्याचा घाट थ्रॉटल मिटून, गिअरवर उतरताना इंजिन जोरात फिरत असतं आणि पेट्रोल जवळपास बंद असतं. तेल हवं असतं तेव्हाच ते मिळत नाही. पंपावर लोकांचा विश्वास उडाला तो बहुतेक वेळा केबल ताणून सैल झाल्यामुळे. थ्रॉटल फिरतो, पंपाची पुली उशिरा फिरते. पुलीवर खूण असते, ती जुळवायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांच्या कामाऐवजी अख्खी यंत्रणा काढून टाकणं हा उपाय नाही.

अलीकडे यात पेट्रोलची भर पडली आहे. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जळायला त्याच हवेमागे इंधन जास्त लागतं, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं. ते पाणी ओढतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला मानवत नाही. नव्या गाड्यांचे सेन्सर हे सांभाळून घेतात. कार्बोरेटरला सांभाळून घेणारा माणूसच लागतो: मुख्य जेट एका पायरीने वाढवायचं, पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवून इंजिन तिथेच बंद करायचं, प्लग काढून त्याचा रंग बघायचा, आणि दोन्ही प्लग वेगवेगळे बघायचे.

राहता राहिला सर्वांत मोठा आक्षेप: धूर ओकणारं, पेट्रोल पिणारं हे यंत्र जपायचंच कशाला? टू-स्ट्रोकमध्ये काही मिश्रण न जळताच बाहेर पडतं, हा त्या रचनेतलाच दोष आहे आणि तो कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. म्हणून ही रोजच्या ऑफिसची गाडी होऊ नये, असंच मी म्हणेन. पण ज्या उरल्या आहेत त्या थोड्या आहेत, महिन्यातून काही वेळा चालतात, आणि नीट लावलेली आरडी दुर्लक्षित आरडीपेक्षा पुष्कळ कमी धूर देते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा तिची तपासणी होतेच.

कमी चालणं हेही तिच्यासाठी सुख नाही. रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं. उभ्या गाडीची सीलं कडक होतात, फ्लोटच्या वाटीत पेट्रोल सुकून जेटची भोकं बुजतात. म्हणून किलोमीटरवर बेतलेलं सर्व्हिसचं वेळापत्रक इथे उपयोगाचं नाही. त्याऐवजी वही लागते: कोणत्या तारखेला दाब मिनिटाला किती उतरला, कोणतं जेट, कितवा ओव्हरसाइझ, सील कुठल्या बनावटीचं. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा चाचणी करून आकडे शेजारी शेजारी लिहिले की उतार दिसतो. गेल्या खेपेला मिनिटाला २० उतरणारा काटा या खेपेला ३५ उतरला, तर गाडी अजून उत्तम चालत असतानाच पुण्यातल्या नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जाऊन डाव्या बाजूचं सील आणून ठेवता येतं.