पेशीची लिपी – ९ : ‘इतर हक्क’ रकान्यातली अक्षरे

मागच्या लेखात आपण सिकलसेलचे मूळ पाहिले. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या संदेशात ‘जीएजी’च्या जागी ‘जीयूजी’ येते आणि त्या एका अक्षरापायी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. डॉ. सुदाम काटे यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माडिया आणि परधान समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के नोंदले आहे. ही गडचिरोली-चंद्रपुरातल्या घराघरांची गोष्ट आहे.

सिकलसेल तपासणीच्या शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो द्रावणाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या, तर ‘एस’ हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या, तर आहे. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती फक्त ‘एस’च पकडते. रक्ताचे काही दोष संदेशाच्या दुसऱ्याच भागात असतात.

सातबारा आठवा. पीक येते ते जमिनीतून. पण बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट हे सारे ‘इतर हक्क’ रकान्यात असते. संदेशवाहक आरएनएचेही तसेच आहे. मधल्या मजकुरातून प्रथिन बनते. आधीच्या आणि नंतरच्या अक्षरांचा अनुवाद होत नाही, पण प्रथिन किती बनवायचे, केव्हा थांबवायचे, संदेश किती वेळ टिकवायचा, हे बरेचसे तिथेच ठरते.

फेरिटिन हे पेशीत लोह साठवणारे प्रथिन. त्याच्या संदेशाच्या आरंभभागात केसपिनेसारखी एक घडी असते. लोह कमी असले की एक प्रथिन त्या घडीला चिकटते आणि काम अडते. लोह वाढले की ते सुटते आणि फेरिटिन तयार होऊ लागते. वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या सिकलसेल रुग्णाच्या अंगात लोह साचते. ते तपासण्यासाठी डॉक्टर फेरिटिनच मोजतात.

अशा जागा एकेकट्या शोधत बसणे अवघड. म्हणून इटलीतल्या बारी शहरात ग्राझियानो पेसोले आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘यूटीआरडीबी’ हे भांडार उभे केले. सार्वजनिक जनुकसंग्रहांतून फक्त हे अननुवादित भाग वेगळे काढले आणि दुबार नोंदी गाळल्या. जोडीला ‘यूटीआरसाइट’मध्ये काम ठाऊक असलेल्या खुणांची यादी ठेवली, फेरिटिनची घडी तीत आहे. नवा संदेश हाती आला की संशोधक त्या यादीशी ताडून पाहतात.

आता आपल्या रक्ताकडे वळू. बीटा ग्लोबिनच्या संदेशात प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी ५० अक्षरे असतात. त्यांतल्या अगदी पहिल्या ‘ए’च्या जागी ‘सी’ आल्याचा दोष भारतीय वंशाच्या लोकांत सापडला आहे. प्रथिन बिनचूक बनते, मात्र कमी बनते; हा बीटा थॅलेसेमियाचाच सौम्य प्रकार. वाहकाचे रक्त जवळपास निरोगी दिसते, म्हणून दोष सहज निसटतो. जोडीदाराकडून बीटा थॅलेसेमियाचा तीव्र दोष आला, तर मुलाला रक्त कमी पडते.

म्हणून एक विनंती. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही सिकलसेलची तपासणी करा. रेघा स्वच्छ दिसल्या, तरी हिमोग्लोबिन सतत कमी राहत असेल तर तिथेच थांबू नका; डॉक्टरांना थॅलेसेमियाबद्दल विचारा आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घ्या. रेघांच्या कागदावर ‘इतर हक्क’ दिसत नाहीत.