पोरगं कर्तं कधी व्हायचं?



ऊस नोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात जाऊन थोडा वेळ बसून पाहावे. सत्तरी ओलांडलेले सभासद सहीसाठी टेबलावर वाकलेले असतात आणि त्यांच्या मागे कागदांची पिशवी धरून चाळिशीला टेकलेला मुलगा उभा असतो. लागणीची तारीख, उसाची जात, गट नंबर, विहिरीला पाणी किती, सगळे मुलालाच माहीत. नांगरटीपासून भरणीपर्यंत रान त्यानेच केलेले. पण सही वडिलांची, शेअर वडिलांचा, बिल जमा होते ते खातेही वडिलांचेच. बाहेर आल्यावर हाच मुलगा पेट्रोलला पैसे मागतो, आणि वडील चारचौघांत म्हणतात, "चाळीस वर्षांचा घोडा झाला, अजून पायावर उभा न्हाई."

ही तक्रार आम्ही इतक्या सभासदांच्या तोंडून ऐकली आहे की या अंकात त्याविषयी थोडे खुलाशाने लिहावे असे वाटले. आताची पोरे आळशी, मोबाईलमध्ये गुंतलेली, हे उत्तर सोपे आहे आणि काही घरांत ते खरेही असेल. पण कष्टाळू घरांतसुद्धा, गावोगाव, एकाच वेळी तेच दिसू लागले म्हणजे कारण पोरांच्या स्वभावापलीकडे शोधावे लागते.

पायावर उभे राहणे म्हणजे आपल्याकडे तीन गोष्टी धरतात. लग्न झाले, चूल वेगळी पेटली आणि रान नावावर आले. या तिन्ही लांबल्या आहेत.

आधी रानाचे पाहू. शेतगणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. आता एक हिशेब मांडू. समजा, आजोबांचे बारा एकर होते. तिघा मुलांत चार-चार एकर आले, आणि त्यातल्या एकाच्या दोघा मुलांना दोन-दोन. दोन एकर ऊस, एकरी चाळीस टन धरला तर ऐंशी टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार रुपये हातात आले असे धरले, तर दोन लाख चाळीस हजार होतात. मशागत, बेणे, खते, औषधे, पाणीपट्टी, मजुरी यांत निम्मे गेले म्हणा. उरले एक लाख वीस हजार, महिन्याला दहा हजार. आडसाली असेल तर तेवढ्यासाठी दीड वर्ष थांबायचे. यावर वेगळी चूल पेटवायची म्हटली तर पेटते, पण तिच्यावर काय शिजवायचे हा प्रश्न राहतो.

इथे जुन्या काळाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. "आम्ही विसाव्या वर्षी कारभार बघत होतो" असे आम्हीही सांगतो. पण त्याचे एक कारण असे होते की बाप लवकर जात असे. १९७०-७५ च्या सुमारास देशातले सरासरी आयुर्मान पन्नास वर्षांच्या आतबाहेर होते. आता ते सत्तरीला पोचले आहे. त्या जुन्या आकड्यात तान्ह्या लेकरांचे मृत्यू पुष्कळ होते हे मान्य, तरीही पंचविशीत पितृछत्र हरपलेली घरे प्रत्येक आळीत असत. त्या पोरांना कोणी कर्तेपण सोपवले नव्हते, ते त्यांच्या अंगावर पडले होते. आज वडील ऐंशीव्या वर्षी बांधावर फिरतात, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र त्यामुळे कारभार आपोआप खाली येणे थांबले, आणि हाताने खाली द्यायची रीत आपण अजून पाडलेली नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. सहकारी कारखान्यांच्या आधाराने शिक्षण संस्था वाढल्या, शेतकऱ्याचा पोरगा इंजिनिअर झाला, याचा अभिमान आपल्याला आहेच. पण पदवी हातात पडेपर्यंत बाविशी येते. पुढे पुण्याला कंपनीत लागला तर पहिली काही वर्षे पगार खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जिरतो. ज्याला ते नको असते तो स्पर्धा परीक्षेकडे वळतो. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत आपल्या भागातली किती पोरे बसली आहेत हे दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या सभासदांना सांगायला नको. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेवर. राज्यसेवेची २०२० ची पूर्वपरीक्षा करोनामुळे पुढे जात जात २१ मार्च २०२१ ला झाली. पोरांचे एक वर्ष तसेच गेले. २०१६ मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. ही सवलत पोरांनीच मागितली होती आणि अनेकांना तिचा उपयोग झाला. पण दार अडतिसाव्या वर्षापर्यंत उघडे राहिले की तिशीत उठून "आता पुरे" म्हणणे जड जाते, हेही आम्ही पाहतो आहोत.

लग्नाच्या बाबतीत थोडे स्पष्ट बोलावे लागेल. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या. कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे ऊस आणि दूध दोन्हींनी सधन झालेल्या मुलखात, २००१ चा आकडा ८३९ होता. ती लेकरे आज पंचविशी-तिशीत आहेत. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी केला होता. कायदा कागदावर होता आणि तपासणीला निघालेल्या गाड्या आपल्याच वस्त्यांवरून जात होत्या. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूरला तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा पुष्कळ लोक हसले. आम्हाला काही हसू आले नाही.

आणि ज्या मुली आहेत त्या शिकल्या आहेत. आईने पाल्यात आणि शेणात काढलेले दिवस त्यांनी पाहिले आहेत. शेतकरी नवरा नको म्हणतात म्हणून त्यांना नावे ठेवणारे आपणच आपली लेक देताना आधी नोकरी विचारतो. स्थळ बघायला आलेली माणसे मुलाचे कष्ट बघत नाहीत, उतारा बघतात. उताऱ्यावर मुलाचे नावच नसते.

इथे पुन्हा गट ऑफिसातल्या त्या मुलाकडे येतो. रान लहान झाले, परीक्षेला गर्दी झाली, हे एकट्या घराच्या हातात नाही. कागद मात्र हातात आहे. विकास सोसायटीचे पीककर्ज उताऱ्यावर नाव असेल त्याला. ठिबकसाठी बँकेत गेले तरी आधी सातबारा. चिटबॉयसुद्धा फडात आल्यावर "अण्णा कुठं हायत?" असेच विचारतो. वीस वर्षे रान करूनही कागदावर हा मुलगा कोणीच नसतो.

वडिलांची भीतीही खोटी नाही. रान नावावरून गेले तर म्हातारपणी ताटात काय पडेल, भावाभावांत डोकी फुटतील, असे वाटते. शिवाय वडिलोपार्जित मिळकतीत लेकींचाही हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला, त्यांना वगळून वाटणी उरकता येत नाही. म्हणून सगळेच सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटप होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी सोय आहे की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट पाळली नाही तर परत मागता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. शेअर हयातीत मुलाच्या नावे करणेही कायदा आणि पोटनियमांच्या चौकटीत शक्य आहे. निदान वारसाचे नाव तरी लावून ठेवावे. कितीतरी सभासदांनी तो रकाना कोरा सोडलेला असतो आणि मग माणूस गेल्यावर घरचे लोक दाखल्यांसाठी हेलपाटे घालतात.

आमच्या पाहण्यातले एक घर आहे. वडिलांनी पाच एकरांतले एक एकर थोरल्याला दिले. नावावर नव्हे, नुसते तोंडी, पण पूर्ण मुखत्यारीने. काय लावायचे, कुठे विकायचे, पैसे कुठे ठेवायचे, सगळे त्याचे. पहिल्या वर्षी त्याने आले केले आणि कंदकुजीत चांगलाच मार खाल्ला. वडील गप्प बसले असे नाही, चार माणसांत बोलले. पण रान परत घेतले नाही. पुढच्या सुरूला त्याने तिथे ऊस लावला, आणि बिल आले तेव्हा त्याने आधी वडिलांकडून घेतलेले खताचे पैसे मोजून परत दिले. वडिलांनी ते मोजून घेतले.