सरकारी जहाजांवरची माणसं : हाती बंदूक, अंगावर वर्दी नाही

गेल्या आठवड्यात अमेरिकी नौदलाच्या ‘मिलिटरी सीलिफ्ट कमांड’ची ओळख झाली. तेल, दारूगोळा, धान्य भर समुद्रात युद्धनौकांना पोचवणारी ही यंत्रणा १९४९ पासून आहे, आजचं नाव तिला १९७० मध्ये मिळालं. जहाजं नौदलाची, पण ती चालवणारे खलाशी, इंजिनीअर, आचारी हे सगळे नागरी सरकारी नोकर. जहाजाच्या नावाआधी ‘यूएसएस’ऐवजी ‘यूएसएनएस’ दिसलं, की ते या माणसांचं असं समजावं. आता पुढचा प्रश्न. अशा जहाजावर कुणी चाल करून आलं, तर ही माणसं काय करणार?

या प्रश्नाला धार आली १२ ऑक्टोबर २००० रोजी. तेल भरायला एडनच्या बंदरात थांबलेल्या ‘यूएसएस कोल’ या विनाशिकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी बोट येऊन भिडली. १७ नौसैनिक ठार झाले. क्षेपणास्त्रं बाळगणाऱ्या जहाजाची एका होडीने ही गत केली, तर पोटात हजारो टन इंधन घेऊन संथ चालणाऱ्या टँकरचं काय? बंदुका या जहाजांवर पूर्वीही होत्या, पण कोलनंतर पहारा फार कडक झाला.

नागरी खलाशाला शिकवतात ती हत्यारं साधीच असतात. अनेक वर्षं ती म्हणजे ९ मिलिमीटरचं बेरेटा पिस्तूल, १२ बोअरची मॉसबर्ग शॉटगन आणि एम-१४ रायफल. त्याआधी एक कागद भरावा लागतो. १९९६ च्या अमेरिकी कायद्यानुसार घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. सैनिक आणि पोलीसही त्यातून सुटत नाहीत, मग खलाशी कुठून सुटणार? बायकोवर हात उगारलेला माणूस शिडीवर पिस्तूल लावून उभा राहू शकत नाही, हे मला तरी योग्य वाटतं.

नौदलाच्या नेहमीच्या पिस्तूल-परीक्षेत ४८ गोळ्या असतात आणि त्या ३, ७ आणि १५ यार्डांवरून झाडायच्या असतात. २४० पैकी १८० गुण मिळाले की पास. सर्वांत लांबचं लक्ष्यही जेमतेम १४ मीटरवर! हे अंतर उगाच ठरवलेलं नाही. बंदरात शिडीवरून कुणी घुसू पाहत असेल, तर प्रसंग तेवढ्याच जवळून येतो. फक्त परीक्षेत पायाखालची जमीन स्थिर असते, एवढं लक्षात ठेवावं.

खरी अडचण नेमाची नाहीच, ती निर्णयाची आहे. समोरच्याकडे इजा करण्याची ताकद आहे का, तशी संधी आहे का आणि तसा हेतू आहे का, हे तिन्ही पाहायचं असतं. पहिली दोन डोळ्यांना दिसतात, हेतू मात्र दिसत नाही. ३० नॉट वेगाने येणारी बोट एक सागरी मैल दोन मिनिटांत कापते. तेवढ्या वेळात ओरडायचं, भोंगा वाजवायचा, दिवे मारायचे, फ्लेअर सोडायचे आणि समोरचा कोळी आहे की मारेकरी, हेही ठरवायचं.

१६ जुलै २०१२ ला दुबईजवळ जेबेल अलीच्या समुद्रात नेमकं हेच झालं. ‘यूएसएनएस रॅपाहॅनॉक’ या तेलपुरवठा जहाजावरून जवळ येणाऱ्या एका लहान मोटरबोटीवर .५० कॅलिबरच्या मशीनगनने गोळीबार झाला. बोटीत कोळी होते. एक भारतीय ठार झाला, तीन जखमी झाले. इशारे देऊनही बोट थांबली नाही, असं अमेरिकी नौदलाचं म्हणणं. आम्हाला कसलाच इशारा मिळाला नाही, असं वाचलेल्यांचं म्हणणं. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती बऱ्याचदा निसटते. गोळ्या झाडणारे नागरी खलाशी नव्हते. ते जहाजावर चढवलेल्या नौदलाच्या सुरक्षा पथकाचे जवान होते. भारी मशीनगन अशा पथकांकडेच असते. म्हणजे पक्के शिकलेले, वर्दीतले लोकही त्या दोन मिनिटांत चुकीचा अंदाज बांधू शकतात.

कायद्याच्या बाजूने असं यूएसएनएस जहाज अधांतरी आहे. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम २९ म्हणतं, की युद्धनौकेवर सरकारने नेमलेला लष्करी अधिकारी हवा आणि खलाशी सैनिकी शिस्तीखाली हवेत. यूएसएनएस जहाजात यातलं काही नाही. (अमेरिकेने हा करार अजून स्वीकारलेला नाही, पण त्यातले बरेचसे नियम ती पाळते.) परदेशी पोलिसांना या सरकारी जहाजावर चढता येत नाही, पण त्यालाही स्वतः होऊन शत्रूवर चालून जाता येत नाही. नागरी खलाशाची बंदूक म्हणूनच फक्त बचावासाठी.

आपल्याकडे कोकणातून बोटीवर जाणाऱ्या मुलांच्या घरच्यांना हे वाचून काळजी वाटायला नको. व्यापारी जहाजांचा मामला वेगळा. खलाशांनी स्वतः बंदुका बाळगू नयेत, असंच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं मत आहे. सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा २०११ मध्ये मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने भारतीय जहाजांना सशस्त्र रक्षक घेण्याची मुभा दिली, पण ते रक्षक भाड्याने आणलेले. खलाशाने शिडी वर ओढायची, पाण्याचे फवारे सोडायचे आणि आतल्या सुरक्षित खोलीत जायचं.

माझ्या मते सरकारी जहाजांवर नागरी खलाशाला पिस्तूल शिकवणं गैर नाही. पण गुणपत्रिकेत १८० चा आकडा ज्या बारकाईने मोजतात, तितक्याच बारकाईने ‘गोळी झाडू नये’ असे प्रसंगही घोटवून घ्यायला हवेत, आणि त्यात नापास होणाऱ्याला पहाऱ्यावर उभं करू नये.

पुढच्या आठवड्यात ब्रिटनची ‘रॉयल फ्लीट ऑक्झिलरी’. तिथे नागरी खलाशांच्या जहाजांवर पिस्तुलांपलीकडे तोफाही आहेत.