‘मजबूत’ या शब्दाचे तीन अर्थ : जुन्या मोटारीच्या मागील आधारांच्या संदर्भात

तांत्रिक विषयाचे विवेचन मराठीत करताना नवे शब्द घडविण्याची चिंता पुष्कळ वाहिली जाते. परंतु प्रचारातील एकाच शब्दात एकवटलेले भिन्न अर्थ वेगळे करण्याकडे त्या मानाने लक्ष जात नाही. ‘मजबूत’ हा असाच एक शब्द होय. या शब्दाच्या संदिग्धतेमुळे केवळ वाक्य नव्हे, तर यंत्राची दुरुस्तीही कशी फसते, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाने स्पष्ट करावयाचे आहे.

भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात पोलादाच्या बळाची कथा जमिनीपासूनच सुरू होते. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी याच भागातील. 1896 साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीची परंपरा 1962 साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या कंपनीकडे आली. मँगनीज हे पोलादातील गंधकाला बांधून ठेवते. त्यामुळे तप्त पोलाद लाटताना तडकत नाही. शिवाय त्याने पोलादाचे बळही वाढते. तेव्हा ‘पोलाद मजबूत, म्हणून वस्तू मजबूत’ असे अनुमान सहज निघते. हे अनुमान कितपत टिकते, हे पाहण्यास जुन्या क्रीडामोटारीचे मागील आधार उपयोगी पडतात.

ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची मोटार इंग्लंडमध्ये 1962 ते 1980 या काळात तयार झाली. तिची चॅसी हेरल्ड या मोटारीच्या चॅसीवरून बेतलेली होती; हेरल्डचे भारतीय रूप 1961 पासून मद्रास येथे स्टँडर्ड या नावाने निघू लागले. बैलगाडीत आख थेट गाडीच्या सांगाड्यास जखडलेला असतो, आणि म्हणून प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या हाडापर्यंत पोहोचतो. स्पिटफायरमध्ये मागील दोन्ही चाके आडव्या बसविलेल्या पाट्यांवर स्वतंत्रपणे वरखाली होतात. पाटे भार झेलतात. पण चाकाने पुढेमागे सरकू नये म्हणून प्रत्येक बाजूस एक दांडा असतो. हेरल्डमध्ये तो चॅसीला जोडलेला होता. स्पिटफायरमध्ये त्याचे पुढील टोक आसनामागील पत्र्याला बोल्टने जोडले आहे. म्हणजे ब्रेकचा व खड्ड्याचा जोर अखेरीस एका पातळ पत्र्यावर येतो.

या पत्र्यात ओल साचून गंज चढला की बोल्टचे भोक लांबट होते, आधार हलू लागतो आणि चाकाची दिशा क्षणोक्षणी बदलते. वेगाने वळण घेताना चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर अशा मोटारीचे मागील अंग अकस्मात बाहेर फेकले जाण्याचा धोका असतो. प्रश्न केवळ हौसेचा नाही, जिवाचा आहे.

आता ‘आधार मजबूत करा’ या आज्ञेचे तीन अर्थ पाहू.

पहिला अर्थ बळकटी, म्हणजे न फाटण्याचा गुण. बोल्टखाली 20 मिलिमीटर व्यासाचा वायसर असेल, तर ओढ सुमारे 63 मिलिमीटर परिघावर पडते. त्या जागी 60 मिलिमीटर व्यासाची चकती घातली की परिघ सुमारे 188 मिलिमीटर होतो, आणि परिघाच्या दर मिलिमीटरवरील ओढ एकतृतीयांशावर येते. भार पसरविणे हे येथे मुख्य सूत्र आहे.

दुसरा अर्थ ताठपणा, म्हणजे न वाकण्याचा गुण. येथे उच्च प्रतीच्या पोलादाचा उपयोग जवळजवळ होत नाही. कारण साध्या व उच्चबल पोलादाचा प्रत्यास्थता-गुणांक सारखाच, सुमारे 200 गिगापास्कल असतो. याउलट सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वाकण्यास होणारा त्याचा विरोध आठपट होतो. तथापि जाड तुकडा जेथे अचानक संपतो, तेथे ताण एकवटतो व नवी चीर त्याच कडेला पडते. म्हणून तुकड्याचे कोपरे गोल ठेवावेत आणि तो जमिनीचा पत्रा व दाराखालील पोकळ पेटी यांपर्यंत न्यावा.

तिसरा अर्थ टिकाऊपणा. गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ लावले, तर ते पहिल्या दिवशी बळकट व ताठ दोन्ही असते. पण आतला गंज चालूच राहतो. म्हणून निरोगी धातू लागेपर्यंत कापणे, पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी ठेवणे व आतून मेणाचा लेप देणे आवश्यक ठरते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. या मोटारीची पेट्रोलची टाकी आसनांच्या मागेच असल्याने वेल्डिंगपूर्वी ती काढून दूर ठेवली पाहिजे. कापण्याआधी दारांच्या चौकटीस तात्पुरते आडवे टेकू द्यावेत. एरवी सांगाडा दबतो. वेल्डिंग लहान लहान टप्प्यांनी करावे, म्हणजे उष्णतेने पत्रा वेडावाकडा होत नाही. रबरी बुशांचे बोल्ट मोटार चाकांवर उभी करूनच अखेरचे आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. शेवटी चाकांची दिशा मोजल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.

बळकटी, ताठपणा व टिकाऊपणा हे तिन्ही शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. उणीव शब्दांची नसून विवेकाची आहे. व्युत्पत्तीही या विवेकाला साह्य करते. ‘मजबूत’ आणि ‘जप्त’ हे दोन्ही शब्द ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. चाकाला त्याच्या जागी धरून ठेवणे, हेच आधाराचे कार्य. त्या मूळ अर्थाने पाहता जो आधार जाड आहे तो मजबूत नव्हे. जो धरून ठेवतो तोच मजबूत.