विश्लेषण : ॲम्प्लिफायर बंद करताना ‘धप्प’ आवाज का येतो? स्पीकरला धोका कधी?

गाणी थांबवली, ॲम्प्लिफायरचे बटण बंद केले आणि पुढच्याच क्षणी स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज आला. कधी तो टिचकी मारल्यासारखा असतो, तर कधी शोकेसच्या काचा थरथरतात. गणपती-दिवाळीला माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या संचाबाबत ही तक्रार हमखास होते. बहुतेक वेळा हा आवाज निरुपद्रवी असतो. मात्र काही वेळा ती वूफर जळण्याआधीची सूचना असते. या दोन्हींतला फरक घरच्या घरी ओळखता येतो.

आवाज नेमका कुठून येतो?

ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा दाब कमी करतो आणि पुढचे सर्किट तिचे डीसीमध्ये रूपांतर करते. अनेक घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये असे दोन पुरवठे असतात. एक धन आणि एक ऋण, उदाहरणार्थ अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. गाणे वाजत नसते तेव्हा स्पीकरला जोडलेले टोक या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे शून्य व्होल्टवर असते. कोन जागच्या जागी स्थिर राहतो.

बटण बंद केले तरी आतले सर्किट लगेच थांबत नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपेपर्यंत ते चालूच राहते. १० हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर प्रत्येकी ३५ व्होल्टवर असतील, तर त्यांत सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते. बटण बंद केल्यावरही काही संचांत गाणे एक-दोन सेकंद वाजते आणि फाटत फाटत विझते, ते यामुळेच. अडचण अशी, की धन आणि ऋण बाजू सारख्याच वेगाने रिकाम्या होत नाहीत. एक बाजू आधी कोसळली की तोल जातो. शून्यावरचे टोक क्षणभर एका बाजूला सरकते, कोनाला धक्का बसतो आणि ‘धप्प’ ऐकू येते.

एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये कारण थोडे वेगळे असते. तिथे स्पीकरच्या वाटेत एक मोठा कपॅसिटर असतो आणि त्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब असतो. चालू करताना हा कपॅसिटर स्पीकरमधूनच भरतो आणि बंद करताना त्याच वाटेने रिकामा होतो. त्यामुळे अशा संचात चालू करतानाही धक्का बसतो.

मग काही संचांत हा आवाज का येत नाही?

कारण त्यांत स्पीकर वेळेवर तोडणारा रिले असतो. चांगला ॲम्प्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टिक’ असा आवाज येतो. आतले दाब स्थिरावल्यावर रिलेने स्पीकर जोडल्याची ती खूण. बंद करताना क्रम उलटा हवा. वीज गेल्याचे कळताच रिले सुटला पाहिजे आणि त्यानंतर आत काय गडबड व्हायची ती होऊ द्यावी. स्पीकर तुटलेला असल्याने ती ऐकू येत नाही.

यासाठी अनेक संचांत ‘यूपीसी १२३७’ ही आयसी वापरलेली दिसते. चालू करताना उशीर करणे, वीज गेल्यावर रिले लगेच सोडणे आणि स्पीकरच्या टोकाला डीसी आल्यास स्पीकर तोडणे, ही कामे ती करते. काही आयसींमध्ये म्यूटची सोय आतच असते. असेम्बल केलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘टीडीए ७२९४’ला म्यूट आणि स्टँडबायसाठी वेगळ्या पिना आहेत. त्या योग्य क्रमाने हाताळल्या तर धक्का टळतो. पैसे वाचवण्यासाठी त्या पिना थेट पुरवठ्याला जोडून टाकल्या, तर चांगली आयसी असूनही उपयोग होत नाही. जुन्या, स्वस्त स्पीकर संचांत दिसणाऱ्या ‘टीडीए २०३०’ला म्यूटची पिनच नाही. अशा संचात पहिल्या दिवसापासून थोडा ‘धप्प’ येत असेल, तर तो बिघाड नसून त्या रचनेची मर्यादा आहे.

वर्षानुवर्षे शांत असलेला संच अचानक आवाज का करू लागतो?

नव्याने सुरू झालेला आवाज मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पहिला संशय इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर घ्यावा. त्यातले द्रव रसायन हळूहळू सुकते आणि साठवणक्षमता घटते. धन आणि ऋण बाजूंचे कपॅसिटर कमी-जास्त सुकले की दोन्ही बाजू कोसळण्याच्या वेगातला फरक वाढतो. या कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २००० तास’ अशा धर्तीची क्षमता ठरलेली असते. तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला चिकटून बसलेले छोटे कपॅसिटर आधी दगा देतात. बंद कपाटात कोंबलेला ॲम्प्लिफायरही याच कारणाने लवकर म्हातारा होतो.

दुसरा संशय रिलेवर. वीज गेल्याचे ओळखणाऱ्या भागातला एखादा छोटा कपॅसिटर बिघडला, तर रिले उशिरा सुटतो आणि धक्का स्पीकरपर्यंत पोहोचतो. रिलेचे संपर्कबिंदू काळवंडले किंवा पावसाळी दमटपणाने गंजले, तर वेगळे लक्षण दिसते. कमी आवाजात एक बाजू बंद पडते आणि आवाज वाढवला की ती परत चालू होते. सुटलेला सोल्डर हे तिसरे कारण. संच हलवल्यावर किंवा तापल्यावर खरखर येत असेल, तर ही शक्यता अधिक.

दोष कुठे आहे, हे कसे शोधायचे?

झाकण न उघडताही बरेच कळते. वायर काढण्या-जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी संच बंद करून प्लग काढावा.

१. व्हॉल्यूम शून्यावर आणून संच बंद करा. आवाज गेला तर तो व्हॉल्यूमच्या बटणाआधीच्या भागातून, म्हणजे मोबाइल, टीव्ही, ब्लूटूथ बोर्ड किंवा पहिल्या टप्प्यातून येत होता. तेवढाच राहिला तर दोष बटणानंतरच्या भागात आहे.

२. सर्व इनपुट वायरी काढून संच चालू-बंद करून पाहा. आवाज थांबला तर वायरी एकेक करून परत जोडा. ज्या वायरीने आवाज परतला, तिच्या पलीकडचे उपकरण तपासा.

३. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या मागे अदलाबदल करून लावा. धक्का दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या त्या चॅनेलमध्ये आहे. दोन्ही स्पीकरमधून सारखाच येत असेल, तर पुरवठा, रिले किंवा म्यूट असा सामाईक भाग तपासावा लागेल.

४. संच चालू असताना पंखा किंवा फ्रिज बंद झाल्यावरही ‘चट’ असा आवाज येतो का, ते ऐका. येत असेल तर तो बटणात उडणाऱ्या ठिणगीचा आहे. ॲम्प्लिफायरला वेगळ्या सर्किटवरचा सॉकेट दिला तर तो अनेकदा कमी होतो. ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या बटणातही अशीच ठिणगी उडते. तिथे ती दाबणारा कपॅसिटर बसवतात, पण तो मेन्ससाठी बनवलेला ‘एक्स २’ प्रकाराचाच हवा. साधा कपॅसिटर तिथे आगीला निमंत्रण ठरू शकतो.

५. जाळी काढून वूफरच्या कोनाकडे पाहा. कोन किंचित हलून लगेच जागेवर आला तर काळजी नको. तो बाहेर किंवा आत ढकलला जाऊन तसाच राहिला, तर संच ताबडतोब बंद करा.

केवळ सवय बदलून फरक पडतो का?

अनेक घरांत पडतो. होम थिएटर आणि साउंडबार रिमोटने बंद केले की आतला नियंत्रक आधी म्यूट करतो, रिले सोडतो आणि मग पुरवठा तोडतो. आपल्याकडे मात्र थेट भिंतीवरच्या बोर्डावरून बटण बंद करण्याची सवय आहे. त्यात नियंत्रकाला ही उसंत मिळेलच असे नाही. आधी रिमोटने बंद करावे, काही सेकंद थांबावे आणि मग बोर्डाचे बटण बंद करावे.

संच वेगवेगळ्या डब्यांचा असेल तर क्रम महत्त्वाचा. चालू करताना आधी प्लेअर किंवा टीव्ही, मग प्रीॲम्प्लिफायर किंवा मिक्सर आणि सर्वांत शेवटी पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना नेमके उलट, पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत आधी. मिक्सर आधी बंद केला तर त्याचा छोटा धक्का चालू असलेला ॲम्प्लिफायर अनेक पटींनी मोठा करून स्पीकरवर आदळतो. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावून एका बटणाने बंद केले, तरी हाच धोका राहतो.

धोक्याची पातळी कोणती?

क्षणिक धक्क्याने सहसा स्पीकर जळत नाही. तो जळतो टोकाला येऊन थांबलेल्या डीसीने. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसीला होणारा रोध साधारण सहा ओहम असतो. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन त्यावर ३५ व्होल्ट आले, तर कॉइलमध्ये २०० वॉटहून अधिक उष्णता तयार होते. कोन हलत नसल्याने कॉइलला हवाही मिळत नाही. जळका वास येईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी आहे. स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आणि संच काही मिनिटे चालू ठेवून स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजावा. साधारण ५० मिलिव्होल्टपर्यंत चिंता नसते. १०० मिलिव्होल्टच्या वर गेल्यास तंत्रज्ञाला दाखवावे आणि काही व्होल्ट आढळल्यास स्पीकर पुन्हा जोडूच नये. एकाच पुरवठ्याचा संच असेल तर वाढलेला दाब म्हणजे आउटपुटच्या कपॅसिटरमधून डीसी गळत असल्याचे लक्षण असू शकते.

दुरुस्तीला देताना काय पाहावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रिले खराब झाला म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून देण्याचा तोडगा कुणी सुचवला तर नकार द्यावा. त्याने बंद पडलेली बाजू वाजू लागते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात स्पीकर आणि बिघडलेला ॲम्प्लिफायर यांच्यामधली शेवटची अडसर निघून गेलेली असते. पुढच्या बिघाडात वूफर जाणार हे ठरलेलेच. रिलेचे बिंदू पॉलिश पेपरने घासण्याचा उपायही टिकत नाही, कारण वरचा मुलामा निघून जातो. नवा रिले बसवणे हाच मार्ग.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे अधिक आणि तापमान १०५ अंशांचे घ्यावे. धन-ऋण बाजूंचे मोठे कपॅसिटर जोडीनेच बदलावेत, नाहीतर तोल पुन्हा बिघडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे असे सुटे भाग मिळतात. हा खर्च सहसा चांगल्या वूफरच्या किमतीपेक्षा कमीच असतो.

हौसेने स्वतः झाकण उघडणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ते शॉर्ट करण्याची पद्धत धोक्याची आहे. ठिणगीने कपॅसिटर, बोर्ड आणि डोळे यांपैकी काहीही जाऊ शकते. योग्य रेझिस्टर लावून ते रिकामे करावेत, मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करावी आणि मगच आत हात घालावा. मेन्सच्या वायरी, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरचा भाग अनुभव नसल्यास तंत्रज्ञाकडेच सोपवावा.

थोडक्यात, पहिल्या दिवसापासून येणारा, हलका आणि न वाढणारा ‘धप्प’ चालवून घेता येतो. नव्याने सुरू झालेला किंवा वाढत जाणारा आवाज मात्र वेळीच तपासून घ्यावा. कोन एका बाजूला ढकलला गेला असेल, तर स्पीकरची वायर काढल्याशिवाय संच पुन्हा चालू करू नये.