गुण्यातून गेलेली खोली

जानेवारीतली सकाळ. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात माझ्या मावसभावाची आरव्ही उभी होती आणि तिची बैठकीची खोली धड आत नव्हती, धड बाहेर नव्हती. मागचा कोपरा आत येऊन टेकला होता, पुढचा तीन इंच बाहेरच राहिला होता. दादाने पुन्हा बटणावर बोट ठेवलं. खालून मोटर कण्हली, कुठेतरी लाकूड करकरलं. वहिनी आतून ओरडल्या, "अहो, बोट काढा आधी!" त्या हाकेने केवढं नुकसान वाचवलं, ते दोन तासांनी कळलं.

हिवाळा आला की अमेरिकेच्या थंड भागांतली निवृत्त मंडळी चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात. सरकारी जमिनीवरच्या इथल्या दीर्घ मुक्कामाच्या तळांचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा असतो. सात महिने ज्यात काढायचे, त्या घरात पाय पसरायला जागा हवी. पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रस्त्यावरच्या वाहनाला 102 इंच, म्हणजे साडेआठ फूट रुंदीची मर्यादा आहे. यावर तोड काढली ती इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने. 1990 साली तिने बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, बाजारात आणली. प्रवासात आत, मुक्कामात बाहेर. आज स्लाइड-आउट नसलेली मोठी आरव्ही शोधावी लागते.

कल्पना कपाटाच्या ड्रॉवरची आहे आणि दुखणंही ड्रॉवरचंच. घरातला रुंद, उथळ ड्रॉवर एका हाताने ओढून पाहा. तो तिरका होतो आणि अडकतो. अरुंद, खोल ड्रॉवर सहसा असा त्रास देत नाही. दादाची खोली बारा फूट रुंद आणि तीन फूट खोल. तिच्यात सोफा, जेवणाचं टेबल, वरची कपाटं. तिरकं अडकायला याहून सोयीचं माप नाही. म्हणून तिला खालून दोन पोलादी हात असतात. दोन्हींवर दात्यांची पट्टी, दोन्हींखाली गिअर. मोटर मात्र एकच, मागच्या हाताजवळ. तिची ताकद पुढच्या हातापर्यंत एक आडवा दांडा नेतो. दोन्ही बाजू बरोबर चालल्या तरच खोली सरळ चालते.

फिरता मिस्त्री आला तेव्हा त्याने पाना काढला नाही. आधी फरशीवर लेव्हल ठेवली, कारण गाडी कलती असली तर घेतलेली मापं खोटी ठरतात. मग बॅटरी तपासली; 12 व्होल्टची ही मोटर बॅटरी उतरली की अशीच कण्हते. दोन्ही ठीक निघाल्यावर त्याने टेपने चारही कोपरे मोजले, आकडे पाठीमागच्या धुळीत बोटाने लिहिले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर बोल्टचे दोन तुकडे होते. आडव्या दांड्याच्या जोडातला बोल्ट कापला गेला होता, त्यामुळे पुढचा हात जागच्या जागी राहिला.

दादाने उत्साहाने पेटीतून कडक पोलादाचा बोल्ट काढला. मिस्त्रीने तो परत दिला. हा बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो, तो म्हणाला. तो तुटला नाही तर गिअरचे दाते जातील, आणि ते बदलायचे म्हणजे मोठं काम. त्याच प्रतीचा बोल्ट हवा.

पण तुटला कशाने? मला या माणसाविषयी आदर वाटला तो इथे. नवा बोल्ट घालून पैसे घेऊन तो जाऊ शकला असता. तो पुढच्या कोपऱ्याशी उकिडवा बसला आणि फरशीच्या कडेवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोक भिजलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. वर पाहिलं तर कोपऱ्यावरची रबराची पट्टी फाटलेली. कधीच्या तरी पावसाचं पाणी तिथून झिरपत होतं, प्लायवूड फुगलं होतं आणि प्रत्येक वेळी रोलरवर घासत होतं. सगळा भार अखेर बोल्टवर आला.

त्याने फुगलेली कड रंध्याने उतरवली. मोटरचा ब्रेक सोडून मागची बाजू हाताने फिरवत तीन इंच बाहेर नेली. दोन्हीकडचं माप जुळलं, भोकं समोरासमोर आली, बोल्ट बसला. मग हातांच्या टोकांचे नट पाव-पाव फेरा फिरवून प्रत्येक वेळी खोली आतबाहेर, प्रत्येक वेळी टेप. शेवटी रबरात कागदाची पट्टी धरून ओढली. ती सगळीकडे सारखी अडली तेव्हाच खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आली. कुजलेली फरशी मात्र कार्यशाळेत बदलावीच लागणार होती, हेही त्याने स्पष्ट सांगितलं.

सगळ्या खोल्या अशा नसतात. काहींना चार कोपऱ्यांवर पोलादी तारा असतात आणि एक सैल पडली की खोली कलते. काहींच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत एकेक मोटर असते आणि दोघींचे फेरे एक नियंत्रक मोजत असतो. तिथे हिशेब चुकला तर खोली पूर्ण बाहेर नेऊन दोन्ही मोटरी थांबेपर्यंत बटण दाबूनच धरायचं असतं. एकीचं औषध दुसरीला विष.

आपल्याकडे 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि भारतातही वाहनाच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर, म्हणजे जवळपास अमेरिकेएवढीच आहे. जागेची ओढ इथल्या बांधणाऱ्यांनाही सरकत्या खोलीकडे नेईल. त्यांनी निदान तुटण्यासाठीचा तो बोल्ट हात पोचेल अशा जागी ठेवावा.

आणि यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहायला आरव्ही भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती. गाडी ताब्यात घेताना स्वयंपाकाची भांडी मोजण्याआधी दोन गोष्टी विचारा: खोली कोणत्या यंत्रणेवर चालते, आणि वीज गेली तर ती हाताने कशी आत घ्यायची. मग एकाने आत आणि एकाने बाहेर उभं राहून ती एकदा पूर्ण चालवून पाहा, आणि चारही कोपऱ्यांवरच्या रबरावरून हात फिरवा.